निळ्या मातीखालचं पाणी

पाण्याच्या खात्याची नोटीस आली तेव्हा सून कोबीच्या रोपांवर झारी धरून उभी होती. हात मातीनं भरलेले, म्हणून तिनं पाकीट दातांत धरलं आणि तशीच शेडच्या दुसऱ्या टोकाला सासऱ्यांकडे गेली.

“आप्पा, तुमच्या नावाचं आहे.”

“माझ्या नावाचं? मला कोण विचारतंय आता!” म्हातारा मशीनची जाळी काढून तिच्यातला गाळ बोटानं निपटत होता. “चष्मा घरी राहिलाय. तूच वाच.”

तिनं वाचलं. नवा कायदा झाला होता. जमिनीखालच्या पाण्यातली ऊब काढून जो कोणी घर, शेड नाहीतर धंदा चालवत असेल, त्यानं आपल्या बोअरची नोंद करायची होती. बोअर किती खोल, पाणी किती उपसता, परत जमिनीत सोडता ते किती गार, सगळं सांगायचं होतं. निळ्या मातीचा थर फोडून जो बोअर खाली गेला असेल आणि थराच्या जागी ज्याला सिमेंटचा बंद नसेल, तो कायमचा बुजवायचा होता. शेवटी लिहिलं होतं की गावातले बोअर आपणच पाडल्याचं समजतं, तरी तपासनिसांना जागा दाखवून सहकार्य करावं.

म्हाताऱ्यानं ते शेवटचं वाक्य तिला पुन्हा वाचायला लावलं.

“सहकार्य करावं!” त्यानं जाळी झटकली. “बघ सूनबाई. गिरमिट्याशिवाय सरकारचंही पान हलत नाही.”

मधला मजकूर त्यानं ऐकला की नाही, तिला कळलं नाही.

गिरमिट्या हे गावानं ठेवलेलं नाव. तीन पायांची लोखंडी घोडी, गिरमिट आणि त्याला आडवा दांडा, एवढ्या सामानावर त्यानं चाळीस वर्षं गावाची जमीन भोसकली होती. इथला हिवाळा हाडात शिरणारा. पण ऐंशी फुटांखालच्या पाण्याला वर कोणता महिना चालू आहे याचा पत्ता नसतो. ते बारा महिने सारखंच कोमट. घरातली मशीन त्या पाण्यातली ऊब ओढून नळ्यांत सोडायची आणि गार झालेलं पाणी दुसऱ्या भोकातून परत खाली जायचं. “फ्रिज उलटा फिरवला की झाली मशीन,” असं म्हातारा नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. त्याच्या मुलाची रोपवाटिका त्याच उबेवर चालत होती. तीन शेड, चाळीस हजार रोपं, आणि राबणारे दोघंच, मुलगा आणि सून.

तपासनीस बाई आठवड्यानं आली. तिशीची असेल. गुडघ्यापर्यंत बूट, खांद्याला टेपचं मोठं रीळ आणि टेपच्या टोकाला थर्मामीटर. ती ‘काका’ म्हणाली तसा म्हातारा खूश झाला. चार दिवस तो तिच्या पुढेपुढे चालत होता. कोणाचा बोअर जिन्याखाली, कोणाचा गोठ्यात, कोणाचा तर स्वयंपाकघराच्या फरशीखाली. घरमालकाला आठवायचा नाही, पण हा पायानं फरशी ठोकून सांगायचा, “इथं.” एकूण एकेचाळीस निघाले.

लॉन्ड्रीवाल्यानं दोघांना खुर्च्या दिल्या. “लिहा बाई, बायको रोज कुरकुरते, पण ह्यांचा बोअर वीस वर्षांत एक दिवस कुरकुरला नाही.”

“बोअरला तुमच्याशी संसार करावा लागत नाही!” आतून बायकोचा आवाज आला. बाईसुद्धा हसली.

मग तिनं टेप खाली सोडली आणि प्रत्येक ठिकाणी विचारायची तेच विचारलं. “माती कितीवर लागली, काका?”

“पन्नासवर.”

“आणि बोअर?”

“पंच्याऐंशी.”

“मातीच्या जागी सिमेंट?”

पहिल्या दिवशी त्याचं ‘हो’ चटकन येत होतं. मातीला लागलं की थांबायचं, बाहेरच्या आणि आतल्या पाइपच्या मधे सिमेंट ओतायचं, दोन दिवस बसू द्यायचं आणि मगच पुढे जायचं, हे त्याच्या गुरूनं त्याला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पण लॉन्ड्रीवाल्याच्या अंगणात तो हातातली टोपी फिरवत राहिला.

“आठवून सांगतो,” तो म्हणाला.

बाईनं वहीत तेवढी जागा मोकळी सोडली. चौथ्या दिवसापर्यंत अशा नऊ जागा मोकळ्या राहिल्या.

शेवटी ती दोघं चौकातल्या हापशाशी आली. अर्धं गाव इथलंच पाणी प्यायचं. बाईनं हापसून एक बाटली भरली, तिच्यात कसलीशी पूड टाकली आणि हलवली. पाणी गुलाबी झालं.

“हे मातीच्या खालचं पाणी,” ती म्हणाली. “शेतात टाकलेलं खत वरच्या पाण्यात उतरतं. निळी माती ते अडवते. खाली ते यायलाच नको. पण येतंय.”

“आम्ही पितोच की.”

“मोठ्या माणसाला काही होत नाही. तान्ह्या बाळाच्या बाटलीत गेलं तर बाळ निळं पडतं. नखं, ओठ. छातीत हवा जाते, पण रक्त ती धरत नाही.”

म्हातारा हापशाच्या दांड्याला धरून उभा राहिला. समोरच शिंप्याचं घर होतं. मागच्या हिवाळ्यात शिंप्याच्या लेकीचं बाळ गेलं होतं, दोन महिन्यांचं. तिला दूध आलं नव्हतं, बाळ पावडरीच्या दुधावर होतं. काळीज कच्चं होतं असं गाव म्हणालं. बाळाला बघायला तोही गेला होता. त्याची नखं जांभळी दिसत होती आणि हाच म्हणाला होता, थंडी लागलीय, नीट गुंडाळा.

“कोणत्या बोअरमधून गेलं असेल?” त्यानं विचारलं.

“ते कोणालाच सांगता यायचं नाही. एकातून, नाहीतर सगळ्यांतून थोडं थोडं.” बाईनं बाटली पिशवीत ठेवली. “एकेक बोअर यंत्रानं तपासायचा तर वर्ष जाईल. तोवर हे चालूच राहील. कायद्यात पाडणाऱ्याचा जबाब चालतो, काका. तुम्ही सही करून सांगितलंत की काम लगेच होईल. पुढच्या सोमवारी शाळेत सुनावणी आहे.”

संध्याकाळी तो ताटावर बसला आणि घास हातातच राहिला. मुलानं विचारलं, “किती आहेत तसले?”

“नऊ.”

“कोणाकोणाचे?”

म्हातारा बोटांवर मोजत सांगू लागला. लॉन्ड्री. शाळेमागचा. अक्काचा. सात झाले, आठ झाले. मग थांबला.

“नववा?” मुलगा म्हणाला.

“आपला.”

मुलानं ताट पुढे सरकवलं.

“आपल्यालासुद्धा सिमेंट घातलं नाहीत?”

“त्या हंगामात सतरा घरं खोळंबली होती. म्हटलं, आपलं काय, घरचंच आहे, मागाहून बघू. मागाहून मशीन बसली. पाणी छान येत होतं. राहून गेलं.”

“राहून गेलं!” मुलगा हसला, पण ते हसणं नव्हतं. “आप्पा, चाळीस हजार रोपं आहेत शेडमधे. अजून दोन महिने त्यांना ऊब पाहिजे. बाहेर पत्र्यावर दव गोठतंय. तुम्ही फक्त ‘हो’ म्हणा. सिमेंट आहे म्हणा. तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?”

“मला आहे.”

“मग इतकी वर्षं गप्प बसलात तसं आणखी दोन महिने बसा. रोपं विकली गेली की मी स्वतः बुजवतो.”

सून भांडी आवरत होती. पाठमोरीच म्हणाली, “शिंप्याच्या लेकीच्या बाळाला पहिली अंघोळ मी घातली होती.”

“तू मधे पडू नकोस.”

“मी मधे नाही पडत. आठवलं म्हणून बोलले.”

म्हाताऱ्यानं ताटातलं सगळं संपवलं. पोटात भूक होती म्हणून नाही, सुनेला ते टाकावं लागू नये म्हणून.

रविवारी तो अक्काकडे गेला. अक्का त्याची बहीण, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याचं नाक पुसलं होतं आणि तिनंच त्याला मारलंही होतं. आता एकटी, एका खोलीत. खिडकीशी खुर्ची, आणि भिंतीच्या कडेनं गेलेल्या कोमट नळीवर मोजे घातलेले दोन्ही पाय. हिवाळाभर ती तिथून हलायची नाही.

“माझ्या नावापुढे काय लिहिलंस?” तिनं बस न म्हणताच विचारलं. गावात सगळं पोचलं होतं.

“अजून काही नाही. उद्या आहे.”

“त्या दिवशी ह्यांना हुडहुडी भरली होती. दात वाजत होते. तू म्हणालास, सिमेंट बसायला दोन दिवस जातील. मी म्हणाले, दोन दिवसांत हे जातील. सोड ते सिमेंट. मीच म्हणाले ना?”

“हो.”

“मग दोष माझा.”

“गिरमिट माझ्या हातात होतं, अक्का.”

“हे त्या उबेवर आणखी चार वर्षं जगले.” तिनं पाय नळीवर चोळले. “चार वर्षं! आणि आता तू चाललास ती उचलून न्यायला.”

“तू आमच्याकडे चल.”

“तुझ्याकडे तरी कुठली राहणार आहे?”

निघताना तो तिच्या पाया पडायला वाकला तेव्हा तिनं पाय नळीवरून काढून खुर्चीखाली घेतले.

सुनावणीला शाळेचा हॉल भरला होता. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसलेली. समोर टेबलामागे खात्याचे साहेब आणि शेजारी तपासनीस बाई. साहेबांनी नियम वाचून दाखवले. ज्याच्या बोअरला बंद आहे त्याला परवाना मिळेल, उपसा ठरवून दिला जाईल, परत सोडलेलं पाणी उपसलेल्यापेक्षा पाच अंशांहून जास्त गार नको. ज्याला बंद नाही त्याचा बोअर आठवड्याच्या आत बुजवला जाईल. नवा पाहिजे असेल त्यानं अर्ज करावा. तो मातीच्या वरच थांबेल.

मग म्हाताऱ्याला उभं केलं. बाईनं वही त्याच्यापुढे सरकवली, पण त्याला वहीची गरज नव्हती.

“शाळेमागचा,” तो म्हणाला. “पाऊस होता. पोतं भिजलं, सिमेंटचा दगड झाला. नवं आणलं नाही. तळ्याकडच्या गोठ्यातला. मला ताप होता, लवकर उरकायचं होतं. लॉन्ड्रीचा. मालकाला दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं होतं.”

“ए गिरमिट्या!” लॉन्ड्रीवाला उठलाच. “तेव्हा का नाही बोललास? माझ्या घरी जेवलास त्या दिवशी. ढेकर दिलीस!”

“हो.”

“हो काय म्हणतोस? माझ्या बायकोनं गार पाण्यात चादरी पिळायच्या का आता?”

साहेबांनी टेबलावर हात आपटला. म्हातारा पुढे बोलत राहिला. प्रत्येक नावागणिक हॉलमधून कोणीतरी शिवी द्यायचं, कोणीतरी बाक सरकवून बाहेर जायचं. आठवं नाव अक्काचं होतं. ते घेताना त्याचा आवाज खाली गेला आणि साहेब म्हणाले, “मोठ्यानं सांगा.” त्यानं मोठ्यानं सांगितलं.

“आणि माझा,” तो शेवटी म्हणाला. “रोपवाटिकेतला.”

मुलगा तिसऱ्या बाकावर होता. तो उठला, टोपी घातली आणि बापाच्या समोरून निघून गेला. तो गेल्यावर दार उघडंच राहिलं, तेव्हा म्हाताऱ्याला दाराच्या आडोशाला शाल घेऊन उभी असलेली शिंप्याची लेक दिसली. त्यानं मान खाली घातली ती सही करेपर्यंत वर केली नाही.

सही झाल्यावर साहेबांनी त्याचा बोअर पाडायचा परवाना मागून घेतला. चाळीस वर्षांत कडा झिजून तो कागद फडक्यासारखा मऊ झाला होता. साहेबांनी त्यावर दोन रेघा ओढल्या. त्याच दिवशी चौकातल्या हापशाला साखळी घातली.

रोपवाटिकेतला बोअर बुजवायला दोन कामगार आले. पिंपात सिमेंट आणि माती कालवून ते लांब नळीनं तळाशी सोडत होते. म्हातारा बाह्या सरसावून पुढे झाला.

“पातळ झालंय. घट्ट करा, नाहीतर मधे पोकळ राहील.”

“काका,” बाई हळूच म्हणाली, “तुम्हाला आता हात लावता येणार नाही. परवाना नाही तुमच्याकडे.”

“बादली तरी धरू दे.”

“नका धरू.”

तो बाजूला झाला. कामगारांनी मात्र आणखी एक पोतं ओतलं. मशीन बंद केली तेव्हा शेड एकदम मुकी झाली. नऊ वर्षं ती घरघर कानात इतकी मुरली होती की सून दचकून मागे वळली.

नंतरचे तीन दिवस त्या घरानं पाठ टेकली नाही. दोन शेड सोडून दिल्या. तिथले ट्रे उचलून तिसरीत आणले, एकावर एक फळ्या टाकून मांडले. भुशाच्या दोन शेगड्या पेटवल्या. पोती, जुन्या चादरी, सुनेच्या लग्नातली गोधडी, जे सापडलं ते रोपांवर घातलं. म्हातारा ट्रे उचलायचा तेव्हा मुलगा त्याच्या हातातून काही न बोलता काढून घ्यायचा आणि स्वतः न्यायचा. म्हणून म्हातारा शेगडीपाशी बसून भुसा घालत राहिला. धुरानं तिघांचे डोळे लाल झाले होते.

चौथ्या दिवशी सकाळी सुनेनं पोतं उचललं. टोमॅटोची रोपं उकडून काढल्यासारखी काळी पडून ट्रेवर लोळत होती. मिरचीचीही तीच गत. तिनं दुसरं पोतं उचललं, तिसरं उचललं. मग उचलायची थांबली. कोबी तेवढी उभी होती, तीही पानं दुमडून.

मुलगा ट्रेपाशी उकिडवा बसला. एक रोप त्यानं चिमटीत धरलं, ते बोटालाच चिकटलं. त्यानं ते पँटला पुसलं, पुन्हा पुसलं. सून त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेली, तर तिचा हात थंडीनं असा बधिर झालेला की त्याच्या पाठीला तो लागलाही नसावा. म्हातारा दाराशी उभा होता. “कोबी वाचेल,” तो म्हणाला.

मुलानं त्याच्याकडे पाहिलं. त्या महिन्याभरात तो बापाशी एकच वाक्य बोलला, ते तेव्हा. “बाहेर जा, आप्पा.”

गावही बोलेनासं झालं. दुकानात तो पहिला उभा असला तरी त्याला शेवटी माल मिळायचा. न्हाव्याची खुर्ची रिकामी होती तरी न्हावी म्हणाला, आज वेळ नाही. तो ‘बरं’ म्हणून दाढी वाढवून फिरू लागला. शिंप्याच्या दारावरून जाणारी वाट त्यानं सोडली. तळ्याकडून वळसा घालून जायचा.

अक्काचा बोअर सगळ्यांत शेवटी बुजवला. ती खुर्चीवरून उठली नाही. कामगार अंगणात काम करत असताना ती खिडकीतून बघत होती, आणि नळी गार पडली तरी पाय तिच्यावरच ठेवून होती. तिच्याकडे जुनी लोखंडी शेगडी होती. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा सकाळी उजाडलं की लाकडं फोडून न्यायचा, राख काढायचा, शेगडी पेटवायचा, दुपारी पुन्हा एकदा जाऊन भर घालायचा. अक्का दार उघडायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. खोलीचा एक कोपरा तापायचा, बाकी तशीच. धूर परतून आत यायचा आणि तिला ढास लागायची.

“खिडकी उघडू?”

ती बोलायची नाही. तो अंदाजानं थोडी उघडायचा, थोडी लावायचा.

बाराव्या दिवशी लाकूड ओलं निघालं. तो गुडघ्यावर बसून फुंकत होता. मागून अक्का म्हणाली, “लहानपणीसुद्धा तुला धड पेटवता यायचं नाही. सरक.” आणि स्वतः खाली बसून तिनं दोन काटक्या इकडच्या तिकडे केल्या. जाळ धरला. दोघं त्याच्यासमोर हात धरून बसली. म्हाताऱ्याला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती खोकली आणि उठून भिंतीकडे गेली.

हिवाळा सरता सरता तिची छाती भरली. डॉक्टरनं औषध दिलं, खोली गरम ठेवा म्हणाला. सून दोन दिवस तिच्या उशाशी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, म्हातारा लाकडं घेऊन आला तेव्हा सून अंगणात उभी होती, आणि तिनं त्याच्या हातातली मोळी काढून घेतली.

मुलगा आला. आत्याला त्यानं एका बाजूनं उचललं, बापानं दुसऱ्या. लोकही आले, अक्का सगळ्यांचीच होती. अंगणात, सगळ्यांना ऐकू जाईल असं लॉन्ड्रीवाला म्हणाला, “एक बाळ मोजलंस ना, गिरमिट्या? आता ही म्हातारीपण मोज.”

त्याच्या बायकोनं त्याची बाही ओढली. भेगाळलेल्या बोटांना तिनं चिंध्या गुंडाळल्या होत्या. म्हातारा त्या चिंध्यांकडे बघत म्हणाला, “मोजली.”

ऊन तापू लागल्यावर मुलाच्या अर्जाला परवानगी आली. फक्त मातीपर्यंत. वरचं पाणी थोडं आणि तितकंसं कोमट नाही. एक शेड कशीबशी निघेल. बाहेरगावचा बोअरवाला ट्रकवर मशीन घेऊन आला, चुणचुणीत पोरगेला माणूस. म्हातारा कुंपणाबाहेर उभा राहिला.

“माती कितीवर लागते इथं?” बोअरवाल्यानं विचारलं. “कागदावर पन्नास लिहिलंय.”

“इथं शेहेचाळीसलाच लागते,” म्हातारा कुंपणावरून म्हणाला. “उतार आहे खाली. पंचेचाळीसला थांबवा.”

बोअरवाल्याला कळेना की ऐकायचं कोणाचं. तो मुलाकडे बघू लागला. मुलगा खाली वाकून नळीची पकड आवळत होता. वर न बघताच तो म्हणाला, “ते सांगतात तसं कर.”

पंचेचाळीसला थांबले. सुनेनं चहा केला, दोघांना अंगणात आणि एक कप कुंपणाबाहेर दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा तळ्याकडून न जाता सरळ चौकातून गेला. हापशाला अजून साखळी होती. शिंप्याची लेक ओसरीवर शिलाईमशीनशी बसली होती. त्याला बघून तिनं पायाची फळी थांबवली.

“आलात,” ती म्हणाली.

“लवकर यायला पाहिजे होतं.”

“बसा.”

तो पायरीवर बसला. तीच बोलली.

“शाळेत मी होते त्या दिवशी. दाराशी.”

“बघितलं मी.”

“तुम्ही एकेक नाव घेत होतात. अक्कांचं घेतलंत, स्वतःचं घेतलंत.” तिनं सुईखालचा कपडा काढून मांडीवर घेतला, कोणाच्या तरी सदऱ्याची बाही होती. “वर्षभर मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं. पांघरूण कमी पडलं, कुशीवर नीट झोपवलं नाही. वाटायचं, कोणी येऊन सांगावं की बाई गं, तुझी चूक नव्हती. मग मला झोप लागेल.”

“तुझी नव्हतीच.”

“पण हापसत होते मीच ना, आप्पा? दिवसातून चार वेळा. बाटली ह्याच हातानं भरायची. रडला की आणखी घाई करायची.”

म्हाताऱ्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “तुला ठाऊक नव्हतं.”

“तुम्हाला होतं?”

गल्लीतून कोणीतरी सायकल ढकलत गेलं.

“वरचं पाणी खाली जाईल, हे ठाऊक होतं,” तो म्हणाला. “कोणाच्या बाटलीत जाईल, याचा विचार नव्हता केला.”

तिनं मान हलवली. बाही उलटी करून तिनं शिवण बघितली, उसवलेली जागा बोटानं चाचपली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला बसता आलं असतं.

“माझा धाकटा भाऊ म्हणतो, तुम्हाला दारात उभं करू नये,” ती म्हणाली. “मला तसं काही वाटत नाही. कसलंच काही वाटत नाही. तुम्ही खरं बोललात, बरं केलंत. आता जा.”

तो उठला. पायरी उतरताना गुडघा दुखला, तेव्हा त्यानं खांबाला धरलं आणि पटकन हात काढून घेतला. चौक ओलांडून तो गल्लीच्या तोंडापर्यंत पोचला, तिथं थोडा थांबला, तरी मागून शिलाईमशीन सुरू झाल्याचा आवाज आला नाही.